दुर्बिणीची झाकणी

आज सकाळी माझ्या कोबीच्या वाफ्यात हरणाचा एक नर उभा होता. खिडकीपासून दहा पावलांवर, तोंडात अख्खा गड्डा, आणि माझ्याकडे असा बघत होता की मीच त्याच्या अंगणात घुसले आहे. शेजारच्या म्युरिएलचा लगेच फोन आला, "एफी, हाकल की त्याला. भांडं वाजव." मी म्हटलं, "कोबी तर गेलाच, आता खाणाऱ्याला निदान नीट बघू दे."

सहा वर्षांचा असेल, फार तर सात. उन्हाळ्यातला तो कोल्ह्यासारखा तांबूस रंग केव्हाच गेलेला, आता अंगावर हिवाळ्याचे करडे-तपकिरी दाट केस. मानेवर आयाळ, शेपटीभोवती पिवळट चट्टा. शिंगांना दहा टोकं, त्यातलं डावीकडचं एक मोडलेलं. कुणाशी तरी झुंजला होता आणि बहुतेक हरला होता. माजाच्या दिवसांत नर धड खात नाहीत, नुसते डुरकत हिंडतात, आणि मग जानेवारीत असे बरगड्या मोजून घ्या म्हणत म्हाताऱ्या बायकांच्या दारात येतात. माणसांतही असे असतात, पण ते कोबीवर भागवत नाहीत.

उन्हाळ्यात रस्त्यावर मोटारी थांबतात. लोक काच खाली करून शिंगांची टोकं मोजतात, फोटो काढतात, हरणांना पांढरा पाव घालतात आणि जातात. टोकं म्हणजे हरीण नव्हे, असं माझा नवरा टॉर्किल म्हणायचा. आणि त्याने तर शेवटचे तीन मोसम एकही टोक पाहिलं नव्हतं. तो तीन मोसम जवळजवळ आंधळा होता. आता सांगायला हरकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं ते सगळे मातीत गेले, आणि तोही त्यांच्याच शेजारी आहे.

आम्ही तेव्हा खोऱ्याच्या पार वरच्या टोकाला राहायचो. टॉर्किल मॅक्रे हा इस्टेटीचा शिकारी. पाहुण्यांना वाऱ्याच्या खालच्या अंगाने, पोटावर सरपटत हरणापर्यंत न्यायचं, कुठलं मारायचं आणि कुठलं सोडायचं ते सांगायचं, हे त्याचं काम. बंदूक पाहुण्याची, डोळे शिकाऱ्याचे. घर नोकरीबरोबर मिळालेलं. नोकरी गेली की घर गेलं. मात्र शिकारी पासष्टाचा होईपर्यंत टिकला, तर त्याला खाली नदीकाठचं छोटं घर मरेपर्यंत राहायला द्यायची त्या इस्टेटीची जुनी रीत होती. टॉर्किलला बासष्टावं लागलं आणि त्याच मार्चमध्ये त्याचा उजवा डोळा गेला. डाव्यावरही साय धरू लागली. शहरातल्या डॉक्टरने तपासलं, खांदे उडवले आणि चष्म्याचा सुद्धा उपयोग नाही म्हणून सांगितलं.

परतताना बसमध्ये टॉर्किल म्हणाला, "तीन मोसम, एफी. तीन काढले की झालं."

"आणि कसे काढणार? काठी टेकत?"

"पहाड मला पाठ आहे. हरणं तेवढी तू पाठ करून दे."

मी शिकाऱ्याचीच मुलगी. वडिलांची जुनी पितळी, एका डोळ्याला लावायची दुर्बीण माझ्याकडे होती. त्या सुमाराला खोऱ्याखोऱ्यांत धरणांची कामं निघाली होती आणि आमचा तट्टूवाला जास्त पगारासाठी तिकडे पळाला होता. इस्टेटीला दुसरा माणूस मिळेना, म्हणून मारलेलं हरीण खाली आणायला तट्टू घेऊन मीच जाऊ लागले. लोकांना वाटलं, बाई नवऱ्याला मदत करते. करतच होते. फक्त कसली, ते कुणाला माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रोज उजाडलं की मी घरामागच्या टेकाडावर चढायची. हेदरच्या ओल्या झुडपांत पाठ टेकून दुर्बीण गुडघ्यावर टेकवायची आणि डोळ्यांत तेल घालून समोरचा अख्खा उतार वाचायचा. मग खाली येऊन दलिया ढवळताना टॉर्किलला सांगायचं.

"तांबड्या घळीत अकरा माद्या. म्हातारीच्या दगडापासून वर."

"चरताहेत की बसल्यात?"

"चरताहेत. दोघींजवळ पाडसं आहेत."

"तोंडं कुठं?"

"पश्चिमेला."

"म्हणजे वाऱ्याला. मग दहा वाजेपर्यंत झऱ्याच्या वर असतील आणि दुपारी त्या गवताच्या पट्ट्यात रवंथ करत बसतील. म्हातारी मादी कुठं आहे?"

"सगळ्यांच्या पुढं."

"तिच्यावर नजर ठेव. नर डुरकतो, मिरवतो, पण कळप हलतो तो तिच्या मनानं. आपल्या घरासारखं."

एवढं ऐकून तो दलियाचं भांडं पुसून काढायचा, आणि तो सबंध उतार त्याच्या डोक्यात उभा राहिलेला असायचा. नऊ वाजता पाहुणा यायचा. टॉर्किल दगडाआड बसून दुर्बीण लांब करायचा, सवयीने उजव्या डोळ्याला लावायचा, त्या मेलेल्या डोळ्याला, आणि सांगू लागायचा. अमुक नर, मान जाड, पाठ बसकी, पोट लोंबलेलं, वय झालंय, ह्याला घेऊ. तमुक अजून पोरसवदा आहे, शिंगं सुरेख आहेत, राहू दे, पुढं चांगली पैदास होईल. पाहुणे माना डोलवायचे. मी तट्टूची लगाम धरून मागे उभी असायची, आणि सांगते, पहिल्या आठवड्यात माझी पाचावर धारण बसलेली असायची.

पण तो चुकला नाही. कारण हरणं चुकत नाहीत. भर उन्हाळ्यात ती माश्यांच्या त्रासाने उंचावर जाणार आणि नर माद्यांपासून वेगळे, आपापली टोळी करून राहणार. नव्या शिंगांवर मखमलीसारखी कातडी असेपर्यंत ती दुखतात, म्हणून भांडण झालं तर माद्यांसारखे मागच्या पायांवर उभे राहून पुढच्या खुरांनी चापट्या मारणार. सप्टेंबरात ती मखमल झाडाझुडपांवर घासून काढणार, काळ्या चिखलात लोळून शिंगं आणि अंग काळं करून घेणार, आणि मग एका थंड सकाळी पहिली डुरकी ऐकू येणार. ती ऐकली की टॉर्किल चहाचा कप खाली ठेवायचा.  आता इथं खाली मोटारींच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

माजाचे ते चार आठवडे तर टॉर्किलला सर्वांत सोपे जायचे, कारण तेव्हा हरणं बोलतात. प्रत्येक नराचा आवाज त्याला ओळखू यायचा. एकाला तो 'पाद्री' म्हणायचा, कारण तो एकदा सुरू झाला की थांबायचाच नाही. एक होता 'खोकल्या'. म्हातारा, बारा-तेरा वर्षांचा, डुरकीच्या शेवटी त्याला ठसका लागायचा. पहिल्या मोसमानंतरच्या हिवाळ्यात मी त्याला जवळून पाहिलं होतं. बर्फ पडला की नर खाली उतरतात. नुसतं हेदर, रोवनच्या झाडाची साल आणि मिळेल तो पाला ओरबाडून पोट भरत नाही, म्हणून आम्ही त्यांना गवत आणि मका टाकायचो. खोकल्या मका तोंडात घ्यायचा आणि अर्धा खाली सांडायचा. त्याचे दात संपले होते. टॉर्किल म्हणाला, "पुढच्या हिवाळ्यात तो उपाशी मरणार. त्याआधी त्याला घेतला पाहिजे." हे त्याने इतक्या हळू सांगितलं की मी विषय वाढवला नाही.

आता बाईसाहेबांबद्दल. मिसेस लेथम म्हणजे इस्टेटीच्या मालकीणबाई, इंग्लंडच्या, वय अडुसष्ट, विधवा. दर सप्टेंबरला सहा आठवडे यायच्या. उंच, वाळकुड्या, डोक्यावर नवऱ्याची टोपी. बोलायच्या फार कमी. कुणी काही विचारलं तर बरेचदा उत्तरच द्यायच्या नाहीत, म्हणून खोऱ्यात सगळे त्यांना शिष्ट म्हणायचे. मीही म्हणायची. पण पहाडावर जायच्या तर फक्त टॉर्किलबरोबर, आणि नेम असा की दुसरी गोळी लागायची नाही. दोघं दगडाआड तासन्‌तास बसायची. नर डुरकला की टॉर्किल त्यांच्या बाहीला बोट लावायचा, आणि त्या म्हणायच्या, "हो, ऐकलं." एवढंच त्यांचं संभाषण.

त्यांचा पुतण्या सेसिल. चाळिशीचा, गुलाबी, गळ्यात नवीकोरी जर्मन दुर्बीण. बाईसाहेबांच्या मागे इस्टेट त्यालाच मिळणार होती आणि त्याला ती जरा लवकर मिळाली तर हवी होती. काकूंनी आता दक्षिणेला समुद्रकाठी, नर्स ठेवून आरामात राहावं, असं तो चारचौघांत म्हणायचा. शिकारी म्हणून त्याच्या ओळखीचा एक तरुण माणूस तयार होता. दुसऱ्या मोसमात तो आला तोच टॉर्किलच्या पाळतीवर. आणि टॉर्किलने एकदा हात दाखवून अवलक्षण केलंच. मांस टांगायच्या कोठीत खुंटीवर कुणाचा तरी लांब रबरी कोट लटकत होता. टॉर्किलने आत शिरताना त्याला टोपीला हात लावून "गुड मॉर्निंग, सर" केलं. दारात सेसिल उभा होता.

"कोटाशी बोलतोयस, मॅक्रे?"

"सर, तो तुमच्यापेक्षा जुना आहे इथं," टॉर्किल म्हणाला. "मान द्यावा लागतो."

सेसिल हसला, पण डोळ्यांनी नाही. त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, मी वाढत असताना, त्याने जाहीर केलं की मोसमाच्या शेवटच्या दिवशी मॅक्रेबरोबर आपण जाणार, आणि मॅक्रेला किती दिसतं ते बघणार. बाईसाहेब वाटाणे खात होत्या. त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला म्हणाल्या, "एफी, शनिवारी मीही येते आहे. तट्टूवर माझं जेवण टाक."

शनिवार उजाडला तो धुक्यात. मी टेकाडावर चढले तर मला माझेच बूट दिसेनात. खाली येऊन टॉर्किलला सांगितलं, "आज मी काही देऊ शकत नाही रे. सगळं पांढरं आहे."

तो पट्ट्यात सुरी अडकवत होता. थांबला आणि चक्क हसला. "म्हणजे आज सगळेच माझ्यासारखे. देव आहे म्हणायचा."

मला हसू आलं नाही. मी त्याचा कोट झटकला, भाकरीचा डबा दिला, दुर्बीण फडक्याने पुसली, आणि धुक्याचं पाणी काचेत जाऊ नये म्हणून डोळ्याकडच्या बाजूची पितळेची झाकणी सरकवून बंद केली. घरातली बाई कपाटाचं दार लावते तशी. दुर्बीण त्याच्या खांद्याला अडकवली आणि विसरून गेले.

पुढचं मी पाहिलं नाही. मी तट्टू घेऊन खाली झऱ्यापाशी थांबले होते. पण मला ते टॉर्किलने सांगितलं आणि बाईसाहेबांनीही सांगितलं, आणि दोघांचं जुळतं.

तिघं घळीच्या तोंडाशी जाऊन पडली. धुकं उठत होतं, बसत होतं. वर तीन नर डुरकत होते. मधेच एक फट पडली आणि उजवीकडे साठ-सत्तर पावलांवर एक नर दिसला. सेसिलने आपली जर्मन दुर्बीण लावली आणि कुजबुजला, "बारा टोकं. ह्यालाच घेऊ."

टॉर्किलने आपली दुर्बीण लांब करून डोळ्याला लावली. "असतील बारा, सर. पण हा तो नव्हे. हा कोवळा आहे."

"कशावरून?"

"आवाज गळ्यातून येतोय, पोटातून नाही. आणि हा बाहेर-बाहेर फिरतोय, माद्या ह्याच्याजवळ नाहीत. पाठ बघा, सरळ आहे की नाही?"

सेसिलने बघितलं. पाठ सरळ होती. मान बारीक होती.

"मग तुझा म्हातारा कुठंय?"

"दगडाच्या डाव्या अंगाला, वर. आता माद्या गोळा करतोय." टॉर्किलची दुर्बीण तशीच डोळ्याला. "मघाशी लोळून आला आहे, वास येतोय बघा. बाईसाहेब, तुम्ही तयार राहा. धुकं फाटलं की आधी एक मादी दिसेल, कान फाटका आहे तिचा. तिच्याकडं बघू नका, तिला जाऊ द्या. मागोमाग तो."

त्याने त्यांच्या बाहीला बोट लावलं. "हो, ऐकलं," त्या म्हणाल्या. खोकल्या ठसकला होता. आणखी पाव तास गेला. मग धुकं पडदा ओढावा तसं बाजूला झालं, फाटक्या कानाची मादी आली, थांबली, वाऱ्यात नाक वर करून पुढे गेली, आणि मागून तो आला. काळा, चिखलाने माखलेला, मान अजून बैलासारखी, पण कंबर खचलेली. शिंगं उतरती, टोकं सात-आठच राहिलेली. म्हातारपणी शिंगंही माघारी जातात. तो थांबला, मान लांब करून डुरकला, खोकला. बाईसाहेबांनी एकच गोळी झाडली.

मी गोळी ऐकली आणि तट्टू घेऊन वर निघाले. पोहोचले तेव्हा धुकं पांगत होतं. टॉर्किल गुडघे टेकून बसला होता, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या, आतडी काढायचं काम चाललेलं. त्याने खोकल्याच्या तोंडात बोट घालून दाढा चाचपल्या आणि मला म्हणाला, "काहीच उरलं नव्हतं गं. नुसत्या हिरड्या." त्याचा आवाज ओला होता. शिकारी हरणावर रडत नाहीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी कुणाला बारा हिवाळे मका घातलेला नसतो.

सेसिल उभा होता आणि त्याला करायला काही नव्हतं. पांगलेला कळप वरच्या कड्याकडे चालला होता. त्याच्या जर्मन दुर्बिणीत धुक्याचं पाणी गेलं होतं, म्हणून त्याने वाकून हेदरवर पडलेली टॉर्किलची दुर्बीण उचलली. डोळ्याला लावली. खाली घेतली. परत लावली. मग उलटी करून बघितली.

 झाकणी बंद होती. सकाळी मी बंद केली होती तशीच.

"मॅक्रे," सेसिल म्हणाला. अगदी हळू, लाडाने म्हणाला. "आज दिवसभर तू ह्यातूनच बघत होतास ना?"

टॉर्किलचे हात हरणाच्या पोटात होते, ते तिथेच थांबले. त्याला काय झालंय ते कळलं नव्हतं. कळणार कसं? उघड्या झाकणीतूनही त्याला अंधारच दिसायचा. पण सेसिलचा आवाज त्याला कळला. मी तोंड उघडलं, आणि काय बोलणार होते ते देव जाणे.

"ती ठेव खाली, सेसिल," बाईसाहेब म्हणाल्या. त्या दगडावर बसून सँडविच खात होत्या. "पाणी जाईल आत. मी आत्ताच तेवढ्यासाठी झाकणी लावली."

"केव्हा लावलीत? मी इथंच तर आहे."

"मला वाटलं तेव्हा."

"काकू, मी पाहिलं असतं."

"तू?" बाईसाहेब म्हणाल्या. "साठ पावलांवरून तुला कोवळा आणि म्हातारा ओळखता आला नाही, आणि माझे हात काय करतात ते दिसलं असतं? बस. सँडविच खा. त्यात मोहरी आहे."

सेसिलने खाल्लं. आम्ही खोकल्याला तट्टूवर चढवलं, पट्टे आवळले आणि उतरायला लागलो. टॉर्किल पुढे, पायाखालची वाट पाठ असल्यासारखा. सेसिल त्याच्या मागे. मी तट्टूच्या तोंडाशी. थोड्या वेळाने बाईसाहेब माझ्या बाजूला आल्या. मी त्यांच्या डाव्या हाताला चालत होते, तर त्यांनी मला दंडाला धरून उजव्या हाताला घेतलं. मला वाटलं, चिखल चुकवतात.

"एफी," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी ती झाकणी लावत जाऊ नकोस. सेसिल मी म्हणते तितका मूर्ख नाही."

मी तट्टूला एका दगडावरून सावकाश उतरवलं. मग विचारलं, "बाईसाहेबांना कधीपासून माहीत आहे?"

"गेल्या मोसमापासून. त्याने दुर्बीण लावून एका नराचं वर्णन केलं. केसन्‌केस सांगितला. मी वळून पाहिलं तर झाकणी बंद होती. नर तसाच होता, त्याने सांगितला तसा."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

त्यांनी पुढे चाललेल्या टॉर्किलकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्याच्यासारखं पहाडावर मला कुणी नेत नाही. आणि हे बघ, त्याला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. फार तोऱ्यात असतो तो. मला आवडतं ते."

मी नाही सांगितलं. रात्री जेवताना टॉर्किल इतका खुशीत होता की त्याने दोनदा पातेलं खरवडलं. "बघितलंस? त्या जर्मन काचेपेक्षा माझा गेलेला डोळा बरा. आंधळा मागतो एक डोळा, मला तर एकही लागला नाही." मी हसले. मग झाकणी खरंच कुणी लावली होती, असं त्याने विचारलं, आणि मी शपथेवर सांगितलं की ती बाईसाहेबांनीच लावली होती. त्याने ते मानलं. निदान मला तसं वाटलं.

तिसरा मोसम निघाला. पासष्टावं लागलं आणि आम्ही नदीकाठच्या घरात आलो. बाईसाहेबांनी तसा कागदच करून ठेवला होता, म्हणजे पुढे सेसिल आला तरी आम्हाला कुणी हलवू नये. डावा डोळाही मग पूर्ण गेला. टॉर्किल दारातल्या बाकावर बसून राहायचा. ऑक्टोबर आला की मला हाताने गप्प करायचा आणि वरून येणाऱ्या डुरकीला नावं द्यायचा. नवीन नर, नवीन नावं. मी शेगडीत पीटच्या, म्हणजे जळणाच्या वाळक्या मातीच्या, ढेपा सरकवत ऐकायची. फार सुखाचे दिवस होते ते, तेव्हा मला ते इतके सुखाचे वाटले नाहीत एवढंच.

बाईसाहेब दर मोसमात एकदा यायच्या, टॉर्किलच्या शेजारी बाकावर बसायच्या. नर डुरकला की तो त्यांच्या बाहीला बोट लावायचा. "हो, ऐकलं." चहा प्यायच्या आणि जायच्या. सहाव्या वर्षी त्या आल्या नाहीत. मार्चमधल्या एका दुपारी पोस्टमन सांगत आला की गेल्या. झोपेतच गेल्या.

टॉर्किल बराच वेळ बाकावरच बसून राहिला. मी शाल घेऊन गेले तर म्हणाला, "बस जरा. आता सांगायला हरकत नाही."

"काय?"

"बाईसाहेबांना ऐकू यायचं नाही. डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात जवळचं थोडंफार यायचं. डुरकी तर अजिबात नाही."

मी शाल मांडीवर घेऊन बाकावर टेकले.

"मला कळलं ते असं," तो म्हणाला. "डोळे जायच्या आधीची गोष्ट. एकदा त्यांच्या बाहीवर डास बसला होता, मी तो उडवला. तर म्हणतात, 'हो, ऐकलं.' पहाडावर चिडीचूप. एकही नर ओरडत नव्हता. त्यांना वाटलं, मी डुरकीची खूण केली." तो हसला आणि मग त्याला हसणं आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. "तेव्हापासून डुरकी आली की मी बोट लावत गेलो. सेसिलला कळलं असतं तर त्यानं त्यांना दुसऱ्या दिवशी समुद्रकाठी नेऊन बसवलं असतं. पहाडाशिवाय त्या जगल्या नसत्या, एफी. तुला सुद्धा सांगितलं नाही. तुझ्या पोटात राहतं, पण चेहऱ्यावर येतं."

"त्यांना माहीत होतं, तुला माहीत आहे म्हणून?"

"छे. फार मानी बाई. कळलं असतं तर मेल्या असत्या."

मला उजव्या हाताला ओढून घेणारा तो दंडावरचा हात आठवला. वाटाणे खाताना न दिलेली उत्तरं आठवली. शिष्ट म्हणायचो आम्ही त्यांना. माझ्या ओठावर आलं होतं, अरे टॉर्किल, ती झाकणी. तीन मोसम तू त्यांना फसवलंस असं तुला वाटतं ना. पण तो त्या बाकावर ताठ बसला होता, एका मोठ्या बाईचं गुपित अखेरपर्यंत सांभाळलेला माणूस, आणि त्याचं गुपित कुणी सांभाळलं हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्या अंगावर शाल टाकली आणि विचारलं, चहा घेणार का. तो आणखी दोन वर्षं जगला. मी सांगितलं नाही.

दुर्बीण इथेच आहे, खिडकीशेजारच्या खिळ्याला. सकाळी कोबी खाणाऱ्याला मी तिच्यातूनच बघितलं, दहा पावलांवरून, म्हणजे नुसतं मोठं ओलं नाक दिसलं. म्युरिएल म्हणते, झाकणी तरी लाव, किती धूळ जाते आत. मी नाही लावत.